फ्लोट ट्यूब मासेमारी

फ्लोट ट्यूब मासेमारी ही हवा भरलेल्या, एका व्यक्तीपुरत्या तरंगत्या आसनावर बसून गळाने मासे धरण्याची पद्धत होय. या साधनास बेली बोट असेही म्हणतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील माँटाना, आयडाहो यांसारख्या पश्चिमेकडील राज्यांत आणि कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात लहान तलावांतील ट्राउट मासा धरण्यासाठी ही पद्धत विशेष रूढ आहे. जेथे होडी नेता येत नाही आणि काठावरून टाकलेला गळ माशांपर्यंत पोहोचत नाही, अशा ठिकाणी ती उपयोगी पडते. मात्र या साधनाला बसणाऱ्याच्या पायांखेरीज दुसरे बळ नसते. त्यामुळे वारा आणि पाण्याचे तापमान यांचा अचूक अंदाज घेणे हा या पद्धतीचा अविभाज्य भाग मानला जातो.

पूर्वपीठिका

हवा भरलेल्या किंवा पोकळ वस्तूच्या आधाराने पाण्यावर तरंगण्याची कल्पना प्राचीन आहे. इराकमधील निमरूद येथे सापडलेल्या, इसवी सनपूर्व नवव्या शतकातील असिरियन शिल्पपटांत फुगवलेल्या कातड्यांच्या साहाय्याने नदी पार करणारी माणसे कोरलेली आहेत. सिंधू नदीवर पल्ला मासा पकडणारे कोळी मोठ्या मातीच्या घड्यावर पोट टेकून तरंगत असत. पेरू देशात वांचाको येथील मच्छीमार तोतोरा नावाच्या लव्हाळ्याच्या अरुंद नावांवर बसून आजही समुद्रात जातात. आधुनिक फ्लोट ट्यूबचा उगम मोटारगाड्यांच्या रबरी ट्यूबमधून झाला. ट्रकच्या ट्यूबवर जाड कापडाचे आवरण चढवून मध्यभागी बसण्यासाठी पट्टा लावणे, हे तिचे आरंभीचे रूप होते.

रचना

जुन्या ट्यूब कड्यासारख्या गोल असत. त्यांत पाय घालून शिरावे लागे, आणि संकटसमयी बाहेर पडणे अवघड होई. पुढे इंग्रजी यू आणि व्ही या अक्षरांच्या आकाराच्या, समोरून उघड्या ट्यूब प्रचारात आल्या. त्यांत आसन पाण्याच्या पातळीपेक्षा किंचित उंच असते व पाठीमागे टेकण्यासाठी हवेची उशी असते. दोन्ही बाजूंना साहित्याचे कप्पे असतात. मांडीवर जाळीदार कापड ताणलेले असते. गोळा केलेली दोरी त्यावर ठेवतात, आणि त्यावर छापलेल्या मोजपट्टीने माशाची लांबी मोजता येते. संपूर्ण साधन एका माणसाला पाठीवर वाहून नेता येते. म्हणूनच गाडीरस्ता नसलेल्या डोंगरी तलावांपर्यंत ते पोहोचते.

बसणारा छातीपर्यंत येणारी जलरोधक विजार घालतो. तिला वेडर म्हणतात. पायांत पोहण्याचे फिन बांधतो.

कार्यपद्धती

फिन घालून पुढे चालणे कठीण असल्यामुळे पाण्यात उलट पावलांनी उतरतात. पाण्यात पाय हलवले असता ट्यूब पाठीच्या दिशेने सरकते, म्हणजे मासेमार ज्या दिशेला पाहत असतो तिच्या विरुद्ध दिशेने त्याचा प्रवास होतो. त्यामुळे गळाची दोरी आपोआप त्याच्या समोर ताणलेली राहते आणि आमिष संथपणे ओढले जाते. हात पूर्ण मोकळे राहतात. वल्ह्यांचा किंवा इंजिनाचा आवाज नसल्याने उथळ पाण्यातील मासेही सहसा बिचकत नाहीत. मात्र आसन खाली असल्यामुळे गळ फार दूर फेकता येत नाही, आणि मागे झेपावणारी दोरी पाण्याला लागण्याचा संभव असतो.

इंद्रधनुषी ट्राउट हा या तलावांतील प्रमुख मासा होय. साधारण 10 ते 16 अंश सेल्सिअस तापमानाचे, भरपूर प्राणवायू असलेले पाणी त्याला मानवते. उन्हाळ्यात तलावाचा वरचा थर तापला की तो खोल पाण्यात उतरतो. त्याच्या आहारात कायरोनोमिड या डासासारख्या, परंतु न चावणाऱ्या कीटकांच्या अळ्या व कोष, चतुरांच्या कुळातील कीटकांची पिल्ले आणि जळवा यांचा समावेश असतो. पिसे व धागे गुंडाळून यांच्याच प्रतिकृती गळावर बांधल्या जातात. पाण वनस्पतींच्या कडेने, जेथे उथळ भाग संपून खोली सुरू होते, तेथे ट्यूब हळूहळू सरकवणे फलदायी ठरते.

धोके आणि दक्षता

फ्लोट ट्यूबचा वेग सामान्य चालीपेक्षाही कमी असतो. जोराचा वारा सुटल्यास केवळ पायांच्या बळावर त्याला तोंड देता येत नाही. म्हणून आरंभी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जावे, म्हणजे थकलेल्या अवस्थेत परतताना वाऱ्याचे साहाय्य मिळते, असा संकेत आहे. थंड पाणी हवेच्या तुलनेत शरीराची उष्णता कितीतरी अधिक वेगाने खेचून घेते. हिमवितळीच्या तलावात अचानक पडल्यास पहिल्या मिनिटातच श्वासावरील ताबा सुटू शकतो. त्यामुळे जीवरक्षक जाकीट अंगावरच असावे लागते, नुसते जवळ ठेवून भागत नाही.

चांगल्या ट्यूबमध्ये हवेचे किमान दोन स्वतंत्र कप्पे असतात. एक फुटला तरी दुसरा तरंगत ठेवतो. काठावर उन्हात ठेवलेल्या ट्यूबमधील हवा प्रसरण पावून शिवण उसवू शकते, म्हणून विश्रांतीच्या वेळी थोडी हवा सोडतात. वाहत्या नदीत हे साधन वापरणे धोक्याचे असते, कारण लोंबकळणारे पाय खडकांत किंवा बुडालेल्या फांद्यांत अडकतात.

नियम ठिकाणागणिक वेगळे आहेत. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात फ्लोट ट्यूबसाठीही नौकांप्रमाणे परवाना घ्यावा लागतो. एका तलावातील उपद्रवी जीव दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून ट्यूब, फिन व वेडर धुऊन पूर्ण वाळवणे आवश्यक मानले जाते.

महाराष्ट्रातील साम्य

महाराष्ट्रातील जलाशयांवर वाहनांच्या ट्यूबचा किंवा थर्माकोलच्या तराफ्याचा आधार घेऊन मासेमारी केली जाते. ती छंदासाठी नसून उपजीविकेसाठी असते. गळाऐवजी जाळे वापरले जाते, आणि रोहू, कटला, मृगळ, चिलापी हे मासे धरले जातात. होडीचा खर्च न परवडणाऱ्यांसाठी हे सर्वांत स्वस्त साधन आहे. परंतु वाहनाच्या ट्यूबमध्ये हवेचा एकच कप्पा असल्याने काठावरच्या बाभळीचा एखादा काटाही तिचा संपूर्ण आधार नाहीसा करू शकतो. जाळ्यात पाय गुंतणे, पाण्याखालील झाडांचे खुंट आणि वळवाच्या आधीचे वादळी वारे हे धोके त्यात भर घालतात. छंदाच्या ट्यूबमध्ये असणारा दुसरा कप्पा आणि अंगावरील जीवरक्षक जाकीट या दोन गोष्टी येथे बहुधा नसतात, आणि त्यांची गरज मात्र येथेच अधिक असते.