इबादान : घरदफन व पर्यावरणीय आरोग्य

इबादान : नायजेरियातील ओयो राज्याची राजधानी व योरुबा लोकांचे मोठे पारंपरिक नगर. लोकसंख्या सुमारे २५ लाख (२००६). हे लागोसच्या ईशान्येस सुमारे १३० किमी. अंतरावर आहे. १८२९ च्या सुमारास योद्ध्यांची छावणी म्हणून ते वसले. मापो टेकडीभोवतीच्या जुन्या भागात गंजक्या पत्र्यांची छपरे एकमेकांना खेटून आहेत.

जुन्या शहरात एका कुळाची घरे चौकाभोवती असतात. या वाड्याला ‘आग्बो इले’ म्हणतात व कुळाच्या प्रमुखाला ‘मोगाजी’. घरातील वडीलधारे माणूस गेले, की त्याला खोलीत, ओसरीत किंवा अंगणात पुरण्याची रीत आहे. सॅम्युएल जॉन्सन या योरुबा धर्मोपदेशकाच्या १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या इतिहासग्रंथात घरदफनाची नोंद आहे. देवीच्या साथीत दगावलेल्यांना मात्र घरात जागा नसे. त्यांचे प्रेत शोपोना या देवीरोगाच्या देवाच्या पुजाऱ्यांच्या स्वाधीन केले जाई. इस्लाम व ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावरही अनेक कुटुंबांनी घरदफन सोडले नाही. पूर्वज घरातच आहेत, ही भावना त्यामागे आहे. शिवाय थडगे हा त्या जमिनीवरील कुळाच्या हक्काचा पुरावा ठरतो. ओसरीलगतच्या सिमेंटच्या किंवा फरशी बसवलेल्या थडग्यावर माणसे टेकतात, मुले खेळतात. तो दुःखाचा कोपरा नसून रोजच्या राहणीचाच भाग असतो.

त्याच अंगणात बहुधा हाताने खणलेली विहीर असते आणि शौचखड्डाही फार दूर नसतो. पाणी काढायला टायरच्या रबराचा पोहरा वापरतात. तो जमिनीवर ठेवला व पुन्हा विहिरीत सोडला, की अंगणातली घाण पाण्यात उतरते. इबादानखाली प्राचीन स्फटिकमय खडक आहे. भूजल मुख्यतः त्यावरच्या झिजलेल्या थरात व खडकाच्या भेगांत साठते. पावसाळ्यात पाण्याची पातळी वर येते आणि थडग्याचा किंवा शौचखड्ड्याचा तळ व पाणी यांतील कोरडी माती कमी होते. एरवी हीच माती जंतू गाळून अडवते. प्रेत कुजताना नायट्रोजन व फॉस्फरसयुक्त द्रव्ये आणि जंतू झिरपू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या यूरोप कार्यालयाने १९९८ साली पिण्याच्या विहिरीपासून दफन किमान २५० मी. दूर असावे, असे सुचवले. दाटीच्या वाड्यात हे अंतर पाळणे अशक्यच आहे.

तरीही सगळा दोष थडग्यांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. दफन क्वचित होते, शौचखड्ड्यात भर रोज पडते. पटकी, विषमज्वर व अतिसार यांचा मोठा धोका तिथूनच येतो. शहरातून वाहणाऱ्या ओगुन्पा ओढ्याच्या ३१ ऑगस्ट १९८० च्या पुरात शंभराहून अधिक माणसे दगावली. असा पूर वस्तीत शिरला, की खड्डे, गटारे व विहिरी यांचे पाणी एक होते. पटकीने दगावलेल्याचे प्रेत हाताळताना मात्र विशेष खबरदारी हवीच.

नळपाण्यासाठी एलेयेले धरण १९४२ मध्ये व असेजिरे धरण १९७२ मध्ये झाले, पण वाढत्या शहराला ते पाणी पुरले नाही आणि अनेक कुटुंबे विहिरींवरच राहिली. विहिरीला उंच कठडा, घट्ट झाकण व आतून पक्के बांधकाम, पाण्यात क्लोरीन, गळती न होणारी शौचालये हे उपाय वाड्यातच करता येतात. नवी दफने विहिरीपासून दूर न्यायची, तर मोगाजी व धर्मगुरूंना सोबत घ्यावे लागेल, कारण नुसत्या बंदीने कुळाचा जमिनीवरचा हक्क आणि पूर्वजांची ओढ यांचे उत्तर मिळत नाही. पूर्वजांना घरात ठेवणाऱ्या या माणसांना त्याच घरात स्वच्छ पाणी मिळणे, हा त्यांचा हक्क आहे. म्हणून थडग्याला हात लावण्याआधी वाड्यात नळ पोचायला हवा.