पनवेल : बैलगाडीच्या चाकापासून ट्रकच्या केबिनपर्यंत

पनवेल येथील वाहनदुरुस्तीच्या व्यवसायाचा आरंभ मोटारींच्या आगमनापासून मोजला, तर त्याचा अर्धाच इतिहास हाती लागतो. गाढी नदीच्या खाडीवरील हे बंदर म्हणजे देशावरचा माल बैलगाडीतून उतरून होडीत चढण्याचे ठिकाण होते. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० मध्ये, बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि पुणे-पनवेल मार्गावरील वर्दळ वाढली. १८५२ मध्ये येथे नगरपालिकाही स्थापन झाली. गाडीची चाके घडवणे हा पनवेलचा प्रमुख उद्योग असल्याची नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटियरांनी केली आहे, आणि घाट उतरून आलेली गाडी येथेच नवी चाके घेई, यात नवल काहीच नव्हते. चाकाचा तुंबा म्हणजे मधला लाकडी गोळा, त्यात बसणारे आरे आणि परिघाचे लाकडी तुकडे सुतार घडवी. त्यावरची धाव, म्हणजे लोखंडी पट्टा, लोहार तापवून चढवी व पाणी ओतून आकसवी. ज्या गावात प्रवासाचा एक टप्पा संपतो, त्याच गावात दुरुस्ती साचते, हा नियम पनवेलला पुढेही लागू पडला.

१८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि तिचा मार्ग कल्याण-कर्जतवरून गेल्याने पनवेलची मालवाहतूक ओसरली. मोटारयुगाने ती परत आणली. ठाण्याच्या खाडीवर वाशीचा पूल १९७३ मध्ये होईपर्यंत मुंबईहून पुण्याकडे जाणारी वाहने ठाणे-मुंब्रामार्गे पनवेलला येत. कोकण व गोव्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्गही येथूनच फुटे. पुढे सिडकोने कळंबोलीत लोखंड-पोलादाची बाजारपेठ वसवली, १९८९ मध्ये न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि २००२ पर्यंत मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. अवजड वाहने आणि त्यांच्या दुरुस्तीला लागणारे चॅनेल, पाइप व पत्रे अशा रीतीने एकाच परिसरात एकत्र आले.

या दुरुस्तीसाठी ट्रकची केबिन उचलण्याची साधने गॅरेजमध्येच का घडू लागली, याचे कारण मात्र भूगोलापेक्षा ट्रकच्या विक्रीपद्धतीत अधिक सापडते. टेल्को कंपनीने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून १९५४ पासून जमशेदपूरला ट्रक बनवण्यास सुरुवात केली. तथापि भारतात दीर्घकाळ बहुसंख्य ट्रक चासी, म्हणजे इंजिन व चाकांसह नुसता सांगाडा, आणि काउल, म्हणजे पुढचा दर्शनी भाग, एवढ्याच स्वरूपात विकले जात. केबिन व मागचा हौदा मालक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून लाकूड, लोखंडी कोन आणि पत्रा वापरून बांधून घेई. त्यामुळे कोणत्याही दोन केबिनी तंतोतंत सारख्या नसत, त्यांना उचलण्यासाठी कारखान्याने नेमून दिलेले आकडे नसत, आणि कोणतेही तयार अवजार सर्वांना लागू पडत नसे. ज्याने केबिन बांधली त्याच्याच पद्धतीने ती उतरवणे भाग होते. इंजिनावरील झाकण केबिनच्या आतून काढून बरीच कामे उरकत; पण अपघातात पिचलेली किंवा गंजलेली केबिन सोडवायची झाल्यास ती सबंध उचलावी लागे.

या कामाचे मुख्य साधन म्हणजे चेन कप्पी. साखळी ओढणाऱ्याच्या हाताच्या जोराचे अनेक पट बळात रूपांतर करणारी ही कप्पी लोखंडी पाइपांच्या तिकाटण्याला, अथवा दोन उभे खांब व आडवी तुळई जोडून केलेल्या गॅन्ट्रीला टांगली जाते. गॅन्ट्रीची उंची केबिनच्या टपापेक्षा पुरेशी अधिक ठेवावी लागते आणि तिची रुंदी ट्रकच्या दोन्ही बाजूंनी माणूस वावरेल एवढी लागते. म्हणून ती बाजारातून आणण्याऐवजी जागा मोजून वेल्डिंग करून घेतली जाते. केबिनला थेट साखळी गुंडाळल्यास टप चेपतो. यावर उपाय म्हणून दोन्ही दारांच्या खिडक्यांतून एक मजबूत दांडा आरपार घालतात, त्याच्या टोकांना साखळ्या अडकवतात आणि पत्र्याला लागणाऱ्या जागी जुन्या ट्यूबचे तुकडे ठेवतात. युक्ती साधी दिसते, परंतु भार छतावरून काढून दारांच्या चौकटीवर नेण्याचा हा विचार अभियंत्यालाही मान्य व्हावा असाच आहे.

पुढे कलणारी, म्हणजे टिल्ट, केबिन ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील व्हाइट कंपनीने १९४९ मध्येच तसा ट्रक बाजारात आणला होता. भारतात ती रुळली ती मुख्यतः १९८० च्या दशकात आलेल्या जपानी धाटणीच्या लहान ट्रकांनंतर. लहान केबिनीला पीळ दिलेल्या पोलादी सळईचा, म्हणजे टॉर्शन बारचा, आधार पुरतो; मोठ्या केबिनीला हातपंपाने चालणारा तेलाचा जॅक लागतो. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा लागतो : केबिन कलताना तिचा भार पुढच्या बिजागरीच्या पलीकडे गेला, की तिला ढकलण्याऐवजी रोखून धरावे लागते आणि हे काम जॅकमधील तेलच करते. तेल गळून जॅक निकामी झाला आणि केबिन कप्पीने उचलण्याची वेळ आली, तर मागून दुसरी साखळी बांधल्याशिवाय ती पुढे कोसळण्याचा धोका राहतो. जॅकवर विसंबून केबिनखाली शिरणेही तितकेच घातक; म्हणून पाइपाचा टेकू लावण्याची शिस्त जाणते मेकॅनिक पाळतात.

अशा साधनांवर कायद्याची नजर मात्र तोकडी आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना अधिनियमाचे कलम २९ उचलयंत्रे, साखळ्या व दोर यांची सक्षम व्यक्तीकडून दर १२ महिन्यांनी तपासणी आवश्यक ठरवत होते. पण मूळ अधिनियमात वीज वापरणाऱ्या जागी किमान १० कामगार असल्याखेरीज ती जागा कारखाना ठरत नव्हती. महामार्गालगतचे तीन-चार माणसांचे गॅरेज त्यामुळे या तपासणीबाहेरच राहिले आणि गॅन्ट्रीचा जोड किती भार सोसेल, हे वेल्डरच्या हातावर अवलंबून राहिले.

२०२५ मध्ये नव्या मध्यम व अवजड ट्रकांच्या केबिनीत वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. सबंध केबिन उतरवण्यापूर्वी आता शीतक वायूच्या नळ्या व वायरिंगचे जुडगे सोडवावे लागते आणि तो वायू हवेत न सोडता यंत्राने काढून घ्यावा लागतो. कप्पी व दांड्याच्या जोडीला हे यंत्र विकत घ्यावे लागेल, कारण ते वेल्डिंग करून घडवता येत नाही.