पेटीवाले आजोबा आणि ऐंशीच्या दशकातली ट्रंक

हेडफोन लावलेत ना? आज एक भांडण ऐकवतो, आणि ते आमच्याच घरचं आहे.

माझं आजोळ धर्माबाद. नांदेड जिल्ह्याचं टोक, मिरचीची मोठी बाजारपेठ. रेल्वेनं पुढचं स्टेशन बासर, म्हणजे तेलंगणा. त्यामुळे मराठी, हिंदी, तेलुगू अशी सगळीच गाणी इथं कानावर पडतात. मागच्या दिवाळीत माळा झाडताना मामांची पत्र्याची ट्रंक खाली आली. आत साठ-सत्तर कॅसेटी! बप्पी लाहिरी, नाझिया हसन, इलयाराजा, आनंद शिंदे, सगळे एकाच ट्रंकेत.

"दे भंगारवाल्याला," आजोबा म्हणाले. ते भजनी मंडळात पेटी वाजवतात, चाळीसेक वर्षं झाली. "त्या काळात गाणं मेलं बघ. नुसतं मशीन आणि धिंगाणा."

मामा तडकले. "कामून, दादा? तुमचं तेवढंच गाणं का?"

तर आजचा प्रश्न हाच. ऐंशीच्या दशकातल्या पॉप गाण्यांना कला म्हणायचं की नाही?

आधी आजोबांची बाजू घेऊ, कारण ती खोटी नाही. १९८२ चा 'डिस्को डान्सर' घ्या. सिनेमा रशियापर्यंत तुफान चालला. पण त्यातल्या 'जिमी जिमी'ची चाल फ्रान्सच्या 'ओटावन' या जोडीच्या गाण्यावरून आलेली, आणि दुसऱ्या एका गाण्याचं मूळ ब्रिटनच्या 'बगल्स'च्या गाण्यात. मूळ गाणारे तिकडे, नाव आणि पैसा इकडे. याला आपण काहीही म्हटलं तरी नवनिर्मिती म्हणता येणार नाही. ट्रंकेतल्या बऱ्याच कॅसेटींवर हा आरोप टिकतो.

पण आजोबांचा दुसरा आरोप आहे मशीनचा. आणि इथं गंमत आहे.

आजोबा ज्या पेटीवर अभंग वाजवतात, ती पेटी आपली नाहीच. एकोणिसाव्या शतकात ती युरोपातून आली. तिचे सूर पट्ट्यांत पक्के बसवलेले, दोन सुरांच्या मधली मींड तिच्यातून निघत नाही. याच कारणावरून १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली. परकी, यांत्रिक, आपल्या संगीताला न शोभणारी! ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. मधल्या काळात आपली भजनी मंडळं आणि नाटकवाले पेटी बिनधास्त वाजवतच होते. म्हणजे आज आजोबा सिंथेसायझरला जे म्हणतात, तेच एकेकाळी मोठमोठी माणसं त्यांच्या पेटीला म्हणत होती.

आता १९८२ चीच दुसरी गोष्ट. मुंबईत सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग नावाचे कलाकार होते. त्यांनी रोलँड कंपनीची तेव्हाची नवी यंत्रं जुळवली आणि डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. भैरव, ललित, यमन, मालकंस, सगळं त्या यंत्रांवर. रेकॉर्ड आली आणि कुणाच्या लक्षातही न राहता गेली. पुढे काही वर्षांनी अमेरिकेत शिकागोमध्ये 'अ‍ॅसिड हाऊस' नावाचं संगीत गाजलं. २०१० मध्ये चरणजितजींची रेकॉर्ड पुन्हा बाजारात आली, तेव्हा जगभरचे लोक चाट पडले. हाच आवाज यांनी मुंबईत आधीच काढला होता! वर्ष तेच, मशीन तसंच. एकीकडे उसनी चाल, दुसरीकडे अस्सल प्रयोग. मग दोष मशीनचा कसा?

मामांकडे आणखी एक पुरावा होता. तेलुगू सिनेमा 'शंकराभरणम्', १९८०. दिग्दर्शक के. विश्वनाथ. गोष्ट एका कर्नाटक संगीताच्या गवयाची. लोकांची आवड पाश्चात्त्य गाण्यांकडे वळते आणि त्याला कुणी विचारेनासं होतं. आजोबांच्या मनातलीच गोष्ट! पण त्या गवयाचा आवाज कुणाचा? एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचा. त्यांनी शास्त्रीय संगीताची रीतसर तालीम घेतलेली नव्हती, सिनेमाची हलकीफुलकी गाणी गाणारा हा गडी. त्याच गाण्यांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. आधी रेकॉर्ड काढायची तर मोठ्या कंपनीचं दार ठोठवावं लागे, रेडिओवर गायचं तर परीक्षा द्यावी लागे. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि छोट्या कंपन्या निघाल्या. गावोगावी हवी ती गाणी भरून देणारी दुकानं आली. दार उघडलं, त्यातून कचराही आत आला आणि ज्यांना कुणी आत घेत नव्हतं तेही आले.

शिंदे घराणं बघा. प्रल्हाद शिंदे कव्वाली गायचे, भीमगीतं गायचे, विठ्ठलाची गाणीही गायचे. मुलगे आनंद आणि मिलिंद कॅसेटच्या काळात घरोघरी पोचले. नातू आदर्श शिंदे तर तुमच्या प्लेलिस्टमध्ये असेलच. आनंद शिंद्यांच्या 'पोपट'वाल्या गाण्याचे शब्द थिल्लर आहेत असं म्हणा हवं तर. पण तो आवाज मोकळा, उंच चढणारा आहे.

आणि मराठवाड्यात हा नुसता करमणुकीचा मामला नव्हता. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव १९७८ ला झाला, दंगली झाल्या, घरं जळली. नामविस्तार व्हायला १९९४ उजाडलं. ती सोळा वर्षं वस्तीत लागणारी भीमगीतं ऐकणाऱ्याला ताठ मानेनं उभं करत होती. त्यांना 'बाजारू' म्हणून एका फटक्यात झटकणारा माणूस गाण्याबद्दल बोलतो आहे की गाणाऱ्याबद्दल, हे विचारायला पाहिजे.

माझं मत सांगतो. दशकाला सरसकट नापास करता येत नाही आणि सरसकट पासही. गाणं एकेक करून ऐकावं लागतं. चाल कुणाची? गाणाऱ्यानं त्यात स्वतःचं काय घातलं? वाद्य कुठलं, ते शेवटी.

त्या दिवशी आम्ही तेच केलं. मामांनी स्वतःहून वीसेक कॅसेटी बाजूला काढल्या, "ह्या खरंच भंगार आहेत" म्हणाले. मग प्रल्हाद शिंद्यांची कॅसेट निघाली. पेन्सिल घालून रीळ आवळलं, टेपरेकॉर्डर सुरू केला. पंढरीच्या वाटेचं गाणं लागलं.

आजोबा म्हणाले, "हे तर आम्ही भजनात म्हणतो."

मामा म्हणाले, "आणि शिकलात कुठून? माझ्याच टेपवरून की!"

आजोबा काही बोलले नाहीत. पेटी मात्र जवळ ओढली.

तुमच्याही घरी अशी एखादी ट्रंक असेल. भंगारात द्यायच्या आधी एकदा ऐका. भेटू पुढच्या भागात. राम राम, जय भीम!