बालआजारांवरील उपचारांचा खर्च : विदर्भातील प्रयोगांच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

कन्हान नदीच्या काठी १८२१ मध्ये ब्रिटिशांची लष्करी छावणी वसली आणि कामठी हे नाव नकाशावर ठळक झाले. नागपूरपासून जेमतेम सोळा किलोमीटर अंतरावर असल्याने कामठी तालुक्यातील रहिवाशांना मेयो रुग्णालय आणि १९४७ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजेच लोकांच्या तोंडचे ‘मेडिकल’, एका बसच्या अंतरावर राहिले. याच नागपूर महसूल विभागाच्या दुसऱ्या टोकास एटापल्ली आणि भामरागड आहेत. तेथील बालकास होणारा न्यूमोनिया आणि कामठीच्या बालकास होणारा न्यूमोनिया यांत वैद्यकीयदृष्ट्या भेद नाही, औषधही एकच. तरीही दोन्ही ठिकाणच्या कुटुंबांना त्या औषधासाठी मोजावी लागणारी किंमत कधीच एक नव्हती.

बालआजारांच्या खर्चाचा विचार सामान्यतः शासनाच्या अंदाजपत्रकातून किंवा रुग्णालयाच्या हिशेबवहीतून केला जातो. खोकला, ताप, हगवण यांसारख्या नेहमीच्या आजारांत या वह्यांत फारच थोडे नोंदले जाते. मूल आजारी पडले की आईची मजुरी बुडते, बहुधा वडिलांचीही, एस.टी.चे भाडे लागते, मुक्काम पडल्यास जेवणाचा खर्च येतो, घरी राहिलेली भावंडे शेजाऱ्यांच्या भरवशावर सोडावी लागतात. ‘मोफत उपचार’ हा शब्द शासकीय परिपत्रकात जितका सोपा वाटतो तितका तो बसथांब्यावर उभ्या असलेल्या आईला वाटत नाही. हा खर्च कोणी ओळखला, कोणी मोजला आणि अखेर तो कोणाच्या अंगावर पडला, या प्रश्नांच्या दृष्टीने विदर्भातील गेल्या अर्धशतकाचा इतिहास विशेष बोलका आहे.

ज्वारीतून आरोग्यविमा

पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही वैद्यकीय सेवेपासून वंचित राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ मध्ये मांडले. सामुदायिक विकास कार्यक्रमाबरोबर १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रांची उभारणी सुरू झाली. पुढे मैदानी भागात ३०,००० आणि आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र असा निकष ठरला. लोकसंख्येचा हा निकष विरळ वस्तीच्या प्रदेशात फसवा ठरतो, कारण वीस हजार लोक तेथे कित्येक मैलांवर विखुरलेले असतात. शिवाय केंद्र असूनही लोक तेथे जात होतेच असे नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २००४ मधील ६० व्या फेरीत देशाच्या ग्रामीण भागातील बाह्यरुग्ण उपचारांपैकी केवळ २२ टक्क्यांच्या आसपास उपचार सरकारी ठिकाणी झाल्याचे आढळले. उरलेल्यांचा भार कुटुंबाच्या खिशावर होता.

या पार्श्वभूमीवर वर्धा जिल्ह्यातील प्रयोग लक्षणीय ठरतो. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस परिसरातील खेड्यांत आरोग्यविम्याची योजना आरंभली. तिचा हप्ता रोख नव्हे, तर सुगीनंतर ज्वारीच्या रूपाने घेतला जाई. ज्याची जमीन अधिक त्याचा हप्ता अधिक, भूमिहीनाचा सर्वांत कमी. आणि गावातील बहुसंख्य कुटुंबे सहभागी झाली तरच गाव योजनेत येई. शेतमजुराच्या घरात रोख रक्कम वर्षभर नसते, धान्य मात्र सुगीला असते, ही साधी गोष्ट या योजनेने हिशेबात धरली. आजारपण पावसाळ्यात येते आणि पैसा सुगीत येतो, या विसंगतीवर तो एक व्यवहार्य उपाय होता.

ज्वारीच्या हप्त्यातून रुग्णालयाचा खर्च मात्र भागत नव्हता. संस्थेच्या खर्चाचा मोठा भाग केंद्र व राज्य शासनांच्या अनुदानातून येत असल्यामुळेच सवलतीचे उपचार शक्य झाले. ही योजना स्वावलंबनाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते तेव्हा ही बाजू बहुधा गाळली जाते.

गडचिरोली : दोन डॉलर चौसष्ट सेंट

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले आणि १९८४ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतलेले डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८५ मध्ये ‘सर्च’ ही संस्था स्थापन करून या जिल्ह्यात काम सुरू केले. बालमृत्यूंच्या कारणांचा शोध घेताना न्यूमोनिया हे प्रमुख कारण असल्याचे त्यांना दिसले. पूर्व विदर्भात ज्याला ‘डब्बा’ म्हणतात, ज्यात बाळाचे पोट श्वासाबरोबर उडते, तो हाच आजार.

उपचार अवघड नव्हता. को-ट्रायमोक्साझोल हे स्वस्त औषध उपलब्ध होते. अडचण होती ती औषध देणारी व्यक्ती आणि बाळ यांच्यामधील अंतराची. संस्थेने ५८ गावांत निमवैद्यकीय कर्मचारी, गावातील आरोग्यसेवक आणि पारंपरिक सुईणी यांना निदान व उपचार शिकवले. ४४ गावे तुलनेसाठी ठेवली. मिनिटाला श्वास किती हे मोजणे निरक्षर सुईणीस कठीण जाई. त्यासाठी मण्यांचे एक साधन तयार करण्यात आले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिट संपण्यापूर्वी लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. वैद्यकशास्त्रातील एक निकष गणित न येणाऱ्या हातांत सोपवण्याची ही युक्ती प्रयोगाचा गाभा होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

‘लॅन्सेट’मध्ये १९९० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उपचार मिळालेल्या ६१२ रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते. तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के होते. पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाने होणारे मृत्यू एका क्षेत्रात ८.१, तर दुसऱ्यात १७.५. औषधाचा खर्च दर मुलामागे वर्षाला ०.०२५ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या विनिमयदराने चाळीस-पंचेचाळीस पैसे. आणि वाचलेल्या प्रत्येक जिवामागे २.६४ डॉलर, सुमारे पंचेचाळीस रुपये.

प्रयोगक्षेत्रात ६,१७६ मुले होती. वरील दरांवरून गणित केल्यास वर्षाकाठी सुमारे ५८ मृत्यू टळले आणि त्यासाठी लागलेल्या एकूण औषधाची किंमत दीडशे डॉलरच्या घरात होती असे दिसते. इतकी अल्प रक्कम उपलब्ध नव्हती म्हणून ही मुले पूर्वी दगावत होती, असे कोणी म्हणणार नाही.

तथापि हा आकडा वाचताना सावधगिरी आवश्यक आहे. २.६४ डॉलर ही किंमत औषधाची आहे. मूळ लेखात तसे स्पष्ट नमूद असतानाही नंतरच्या उद्धरणांत ती ‘एका बालकाचा जीव वाचवण्याचा खर्च’ म्हणून वावरू लागली. प्रशिक्षण, देखरेख, आणि रात्री-अपरात्री दुसऱ्याच्या घरी जाऊन श्वास मोजणाऱ्या स्त्रीचा वेळ यांचा त्या रकमेत समावेश नाही.

घरातील नवजात

न्यूमोनियाचे मृत्यू घटल्यावर जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातील मृत्यू अधिक उघडपणे समोर आले. संस्थेने १९९५-९६ मध्ये ७६३ नवजात बालकांचे घरोघरी निरीक्षण केले. त्यांपैकी ५४.४ टक्के बालकांना वैद्यकीय मदतीची गरज असताना प्रत्यक्षात ती २.६ टक्के बालकांनाच मिळाली होती. बाळंतीण आणि बाळ यांनी घराबाहेर न पडण्याचा रिवाज, दवाखान्याचे अंतर आणि पैशाची चणचण ही कारणे एकमेकांत गुंतलेली होती. त्यांतील एकच वेगळे काढून त्यास दोष देणे इतिहासाला धरून होणार नाही.

मग ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत स्त्रिया नवजात बालकांच्या घरी जाऊ लागल्या. जंतुसंसर्ग ओळखून त्या प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. अल्पशिक्षित स्त्रीच्या हाती सुई देण्यास वैद्यकीय वर्तुळातून आक्षेप घेतले गेले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच निष्कर्ष प्रसिद्ध झाले : जंतुसंसर्ग झालेल्या बालकांतील मृत्यू १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या ४७ गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला. या सेवेचा खर्च दर बालकामागे ५.३ डॉलर होता आणि १९९७-९८ मध्ये दर १८ बालकांच्या देखभालीमागे एक मृत्यू टळला. म्हणजे एका टळलेल्या मृत्यूमागे सुमारे ९५ डॉलर. आजार निराळे असल्याने २.६४ आणि ९५ या संख्यांची थेट तुलना करता येत नाही. पण पहिली संख्या गोळ्यांची आहे आणि दुसरी सेवेची, एवढा फरक ध्यानात घेतला तरी ‘स्वस्त’ या विशेषणाचा अर्थ बदलतो.

खर्चाचे स्थलांतर

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि गावोगावी ‘आशा’ स्वयंसेविका नेमल्या गेल्या. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००९ मध्ये नवजात बालकांसाठी गृहभेटींची शिफारस केली. भारत शासनाने २०११ मध्ये घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर स्वीकारला. त्याच वर्षीच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने आजारी नवजातांना सरकारी रुग्णालयात विनामूल्य उपचार आणि वाहतूक देऊ केली. पुढे महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क केले. बसभाड्याचा प्रश्न धोरणात शिरण्यास भोर समितीनंतर पासष्ट वर्षे लागली.

कुटुंबाच्या अंगावरचा खर्च या निर्णयांनी निश्चितच हलका केला. मात्र त्याचा काही भाग नाहीसा न होता सरकला. दवाखान्यापर्यंतचे जे अंतर पूर्वी आई चालत होती, ते आता उलट दिशेने आशा चालू लागली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळास सहा आणि घरी जन्मलेल्या बाळास सात भेटी तिने द्याव्यात असा नियम करण्यात आला. बाळाचे वजन, तापमान, श्वास, नाळ, स्तनपान या साऱ्यांची नोंद तिने ठेवायची. ती कर्मचारी नसून स्वयंसेविका मानली गेल्याने तिला वेतन नव्हे, तर कामागणिक मोबदला ठरला. महाराष्ट्रातील आशांनी जून २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ च्या उत्तरार्धात संप केले, त्यामागे हाच प्रश्न होता. २०११ च्या कार्यक्रमात बेचाळीस दिवसांच्या या सर्व भेटींसाठी एका बाळामागे निश्चित झालेली रक्कम २५० रुपये होती.