किटली शिट्टी कुठून शिकली

मराठी स्वयंपाकघरात शिट्टीचा मान कुकरचा. ‘तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर’ हे ऐकतच आपण वाढलो. किटलीनेही शिट्टी वाजवावी, ही कल्पना आपल्याला जराशी परकीच, कारण आपला चहा उकळतो पातेल्यात आणि किटली फक्त त्याची ने-आण करते. टपरीवरून पाच ग्लासांसोबत ऑफिसच्या जिन्यावर चढणारी ती अ‍ॅल्युमिनियमची किटली आयुष्यात क्वचितच एकटी चुलीवर बसते. पण आता कोणी ग्रीन टी घेतं, कोणी काळी कॉफी, कोणाला सकाळी गरम पाण्याशिवाय चालत नाही. म्हणून गॅसवर ठेवायची, शिट्टीची किटली घरोघरी येऊ लागली आहे. ती विकत घेताना लोक रंग बघतात, मूठ बघतात. माझं म्हणणं, आधी शिट्टी बघा.

या शिट्टीचं कूळ स्वयंपाकघरातलं नाही, ते बॉयलरचं आहे. कुकरचे पूर्वज मात्र थेट सापडतात. देनी पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ मध्ये लंडनमध्ये घट्ट झाकणाचं एक भांडं बनवलं. त्यात दाबाखाली हाडंसुद्धा मऊ शिजत. भांडं फुटू नये म्हणून त्याने वाफेच्या भोकावर वजनाची दांडी ठेवली. दाब वाढला की दांडी उचलली जाई आणि वाफ सुटे. आपल्या कुकरवरचं वजन ते हेच. कुकरची शिट्टी दाब सांगते, म्हणून ती मोजायची असते. किटलीत दाब जवळजवळ नसतोच. तिची शिट्टी एकदाच ऐकायची आणि उठायचं.

मावशीच्या घरी किटलीचं झाकण थडथडताना पाहून जेम्स वॉटला वाफेचं इंजिन सुचलं, ही शाळेतली गोष्ट निव्वळ दंतकथा. किटलीचा खरा प्रयोग त्याने मोठेपणी, ग्लासगोत यंत्रं दुरुस्त करत असताना केला, आणि तो दंतकथेपेक्षा जास्त रंजक आहे. किटलीच्या तोटीला वाकवलेली काचेची नळी जोडून त्याने वाफ थंड पाण्यात सोडली. पाहतो तर वाफेने स्वतःच्या वजनाच्या सुमारे सहापट पाणी उकळीपर्यंत तापवलं. हे कोडं घेऊन तो मित्राकडे, जोसेफ ब्लॅककडे गेला. वाफेतल्या या सुप्त उष्णतेचा शोध ब्लॅकने आधीच लावला होता.

गॅसच्या बिलाशी या प्रयोगाचा थेट संबंध आहे. एक लिटर साधं पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तेवढीच उष्णता त्यातल्या जेमतेम दीडशे मिलिलिटर पाण्याची वाफ करायला लागते. म्हणजे किटली खळखळत ठेवून आपण फोनवर रमलो आणि सातवा हिस्सा पाणी उडून गेलं, की दुसरी किटली तापवण्याइतका गॅस फुकट गेला. शिट्टीची खरी कमाई ही.

वाफेची शिट्टी आली वेल्समधून. डाउलेसच्या लोखंडाच्या कारखान्यात एड्रियन स्टीफन्स या माणसाने १८३०च्या दशकात ती बॉयलरला बसवली. बॉयलरमधलं पाणी धोक्याच्या पातळीखाली गेलं की ती वाजायची. थोड्याच काळात रेल्वेने ती उचलली आणि १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगीनगाडी सुरू झाली तेव्हा आपल्याकडच्या माणसांच्याही कानावर ती पडली. पुढे शिट्टी किटलीवर आली तीही हाच निरोप घेऊन: पाणी संपत चाललंय, कोणीतरी या.

तोवर या निरोपाची किटलीला फारशी गरजही नव्हती. युरोपातली जुनी किटली चुलाण्यावर आकड्याला टांगलेली असे आणि तिचं बूड गोल असे. कोळशाची सपाट लोखंडी शेगडी आली तसं बूडही सपाट झालं, पण आच मंदच होती. किटली दिवसभर कडेला गुणगुणत पडून राहायची. गॅस आणि वीज आल्यावर पाणी काही मिनिटांत उकळू लागलं आणि विसरलेली किटली कोरडी पडून जळू लागली. शिट्टीची किटली बाजारात रुळली ती १९२०च्या दशकात. तिचं जनकत्व सांगणारे एकाहून जास्त आहेत, त्यांच्या भांडणात आपण पडायला नको.

शिट्टी नव्हती तेव्हा किटली मुकी होती असं मात्र नाही. आधण येण्याआधी तळाशी बुडबुडे सुटतात, वरच्या थंड पाण्यात शिरताच फुटून मिटतात, आणि त्यातून तो सळसळता आवाज येतो. पूर्ण उकळी फुटली की तो मवाळ होतो. जपानी लोकांनी या आवाजाची मैफल केली. चहाविधीच्या लोखंडी भांड्यात तळाला आतून लोखंडाचे छोटे तुकडे चिकटवतात, आवाज खुलावा म्हणून, आणि त्या आवाजाला नाव दिलं आहे ‘पाइनच्या झाडांतला वारा’. तोटी आणि मूठ असलेली त्यांची लोखंडी किटली, तेत्सुबिन, मोरिओका भागात आजही घडवली जाते. ऐकायला सुंदर, पण उचलायला जड, आणि नीट कोरडी केली नाही तर गंजते. रोजच्या घाईत मी ती कोणाला सुचवणार नाही.

आता शिट्टी वाजते कशी? दोन छोट्या चकत्या, दोन्हींना मधोमध भोक, आणि मध्ये थोडी पोकळी, एवढीच तिची रचना. लॉर्ड रॅले यांनी १८७७ मध्ये ध्वनीवरच्या आपल्या ग्रंथात तिच्याबद्दल अंदाज बांधला होता. प्रयोगाने छडा लागला तो थेट २०१३ मध्ये. केंब्रिजमध्ये रॉस हेन्रीवुड आणि अनुराग अगरवाल यांनी दाखवलं, की वाफ मंद असताना शिट्टी रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखी घुमते. वेग वाढला की वाफेचा झोत दुसऱ्या चकतीवर आदळून पुरता बाहेर पडू शकत नाही, त्यातून भोवरे उठतात आणि पट्टी तोटीच्या लांबीवर ठरू लागते. स्वर धरण्याचं काम निम्मं तोटीचं.

त्यासाठी तोटीत वाफच यायला हवी, म्हणूनच शिट्टीच्या किटलीची तोटी आखूड असते आणि वरून फुटते. टपरीवरच्या किटलीची तोटी खालून निघते, तिच्या मुळाशी पाणी भरलेलं असतं. वाफ त्या वाटेने जाऊच शकत नाही, ती झाकणातून निसटते. तिथे कितीही उत्तम शिट्टी लावा, वाजणार नाही.

कर्कश शिट्टीला कंटाळून रिचर्ड सापर या जर्मन रचनाकाराने १९८३ मध्ये इटलीच्या आलेसी कंपनीसाठी पितळी नळ्यांची शिट्टी केली. ती ‘मि’ आणि ‘सि’ हे दोन सूर एकदम लावते. आपल्या कानाला हे षड्ज-पंचमाचं नातं. दोन वर्षांनी त्याच कंपनीसाठी अमेरिकन वास्तुकार मायकल ग्रेव्हज यांनी तोटीवर लाल पक्षी बसवला. जगभर नाव झालं ते पक्ष्याचं. माझं मत विचाराल तर कान सापरकडे जातो. ओतण्याआधी तोटीवरून काढावी लागणारी शिट्टी एक तर बोट भाजते, नाही तर हरवते.

दुकानात शिट्टी बघायची म्हणजे आधी झाकण तपासा. ते सैल असेल तर वाफ तिथूनच जाईल आणि शिट्टी गप्प बसेल. झाकणाचं तोंड एवढं हवं की आत हात जाईल. बोअरचं पाणी असेल तर पांढरा थर बसणारच, तो लिंबू किंवा व्हिनेगर घालून पाणी उकळलं की सुटतो. शिट्टीची भोकंही त्यातच धुऊन घ्यावीत. बूड रुंद असावं, ज्वाळा त्याच्या बाहेर जाऊ नये. इंडक्शन असेल तर खिशात लोहचुंबक ठेवा, बुडाला चिकटला तरच घ्या. मूठ तोटीच्या वाफेपासून दूर हवी आणि शिट्टी बिजागरीवर उघडणारी. दुकानदार हो म्हणाला तर थोडं पाणी भरून ओतून बघा, धार तुटावी, तोटीखालून ओघळ येऊ नये. आणि घरी आणल्यावर ती गळ्यापर्यंत भरू नका, उकळतं पाणी शिट्टीतून उडतं.

चौघांच्या घराला दोन लिटरची स्टीलची किटली पुरते. झाकण आणि तोटी या दोन गोष्टींत ती नापास झाली, तर पैसे वाचवा आणि पातेल्यावर ताटली झाकून पाणी उकळा.