डोंगरातल्या सायकलीचं माप

माउंटन बाइक घ्यायला दुकानात गेलं की हल्ली पहिला प्रश्न येतो तो चाकाचा. २६ इंची हवी, साडेसत्तावीस की २९? विचारणाऱ्याला याचं उत्तर नीटसं ठाऊक नसतं आणि ऐकणाऱ्यालाही नसतं. मग रंग, किंमत आणि गिअरची संख्या पाहून सायकल घरी येते, आणि दोन महिन्यांनी गुडघे किंवा मनगटं दुखतात म्हणून जिन्याखाली जाऊन उभी राहते. हे टाळायचं, तर या सायकलीचा जन्म कसा झाला हे थोडं माहीत असलेलं बरं. तिचा बहुतेक प्रत्येक भाग कुणाच्या तरी गरजेतून आलेला आहे. चाक मात्र योगायोगाने आलं.

सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट पूल ओलांडून उत्तरेला गेलं की मरिन काउंटी लागते. तिथे माउंट टॅमलपाइस हा डोंगर आहे. १९७० च्या दशकात तिथली काही तरुण मंडळी वणवे विझवणाऱ्या गाड्यांसाठी काढलेल्या कच्च्या रस्त्यांवरून सायकली खाली सोडत. एरवी ही पोरं रस्त्यावरच्या शर्यतींत भाग घेणारी. पण त्या नाजूक सायकली इथे टिकणार कशा? त्यांनी जुन्या बाजारातून श्विन कंपनीच्या ‘एक्सेलसियर’ सायकली उचलल्या. महायुद्धाच्या आधीच्या, मुलांसाठी बनवलेल्या, दगडासारख्या जड आणि तितक्याच भक्कम. श्विनने १९३३ मध्ये फुगीर ‘बलून’ टायर बाजारात आणला होता आणि या सायकलींना तेच २६ इंची चाक होतं. डोंगराला २६ इंच योग्य की अयोग्य, याचा हिशेब तेव्हा कुणीही केलेला नव्हता. भंगारात तेच मिळत होतं, इतकंच!

२१ ऑक्टोबर १९७६ रोजी चार्ली केली या तरुणाने फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर शर्यत भरवली. अंतर सुमारे दोन मैल, उतार जवळपास १,३०० फुटांचा. या सायकलींना मागच्या चाकात, उलटं पायडल मारलं की लागणारा ब्रेक असे. खाली पोहोचेपर्यंत तो इतका तापे की आतलं ग्रीस जळून धूर निघे आणि पुढच्या खेपेआधी ते पुन्हा भरावं लागे. म्हणून त्या उताराचं नावच पडलं ‘रिपॅक’, म्हणजे पुन्हा भरा. तिथला विक्रम गॅरी फिशरच्या नावावर राहिला, ४ मिनिटं २२ सेकंद. जो ब्रीझ त्याच्या दोन सेकंद मागे.

पण माझ्या मते या सगळ्यात मोलाची गोष्ट चढाची आहे. उतरायला काय, गुरुत्वाकर्षण आहेच. पुन्हा वर जायचं म्हणजे सायकल ढकलत न्यायची नाहीतर टेम्पोत टाकायची. डिसेंबर १९७४ मध्ये कूपर्टिनो गावचे काही जण मिल व्हॅलीतल्या एका शर्यतीला आले. त्यांच्या तसल्याच जाड टायरच्या सायकलींना डिरेलर गिअर बसवलेले होते. मरिनच्या मंडळींनी ते पाहिलं. फिशरने आपल्या एक्सेलसियरलाही गिअर आणि हातात धरायचे दमदार ब्रेक लावले, आणि मग सायकलवर बसूनच डोंगर चढता येऊ लागला. आज ज्याला आपण क्रॉसकंट्री म्हणतो, चढ, उतार आणि सपाटी एकाच सायकलवर, त्याची सुरुवात इथे झाली.

पुढचं झपाट्याने घडलं. १९७७ मध्ये जो ब्रीझने खास या कामासाठी क्रोमोली पोलादाची फ्रेम बनवली. १९७९ मध्ये टॉम रिची या कारागिराच्या फ्रेम घेऊन फिशर आणि केली यांनी ‘माउंटनबाइक्स’ नावाचा धंदा काढला. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची ‘स्टंपजंपर’ आली आणि कारखान्यातली माउंटन बाइक सामान्य गिऱ्हाइकाच्या हाती पडली. १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या ड्युरँगो इथे पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. त्याच सुमारास रॉकशॉक्सचा पहिला स्प्रिंगवजा फोर्क बाजारात आला. तो जेमतेम पाच सेंटिमीटर दबत असे. १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये क्रॉसकंट्रीचा समावेश झाला.

आणि या सगळ्या काळात चाक मात्र २६ इंचीच! कारखाने, टायर, साचे, सगळं त्याभोवती उभं राहिलं होतं. २९ इंची जाड टायर १९९९ मध्ये आला, तेव्हा त्याची थट्टाच झाली. मोठं चाक दगडावरून सहज जातं, खड्ड्यात कमी अडकतं, ही गोष्ट खरं तर आपल्याकडच्या दूधवाल्याला केव्हाची ठाऊक होती. त्याच्या काळ्या सायकलच्या २८ इंची चाकात टायर बसतो ती जागा ६३५ मिलिमीटर व्यासाची असते. २९ इंची माउंटन बाइकची ६२२. म्हणजे आकडा मोठा असला तरी रिम आपलीच मोठी. इंचांची ही नावं टायरच्या जाडीसकट धरलेली असतात, त्यामुळे टायर घेताना बाजूवर छापलेला मिलिमीटरचा आकडाच पाहावा.

वादाचा कळस २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये झाला. चेक प्रजासत्ताकाचा यारोस्लाव कुलहावी २९ इंचांवर, स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर साडेसत्तावीसवर. कुलहावी जिंकला, एका सेकंदाने. पुढे शुर्टरही २९ वर आला आणि स्पर्धेपुरता प्रश्न मिटला.

स्पर्धेपुरता म्हणतो, कारण दुकानात उभी असलेली व्यक्ती ऑलिंपिकला निघालेली नसते. उंची पाच फुटांच्या आसपास असेल, तर लहान फ्रेमवर २९ इंची चाक अडचणीचं ठरू शकतं. हँडल फार उंच येतं, वळताना पायाचं बोट पुढच्या चाकाला लागतं. अशांनी साडेसत्तावीस इंची सायकल मागावी, संकोच करू नये. फ्रेमच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभं राहिल्यावर मधल्या दांडीच्या वर किमान चार बोटं जागा हवी. मग सीट. टाच पायडलवर ठेवून पायडल सर्वांत खाली नेलं की पाय सरळ व्हावा. म्हणजे चवडा ठेवून चालवताना गुडघ्यात थोडा बाक राहतो. सीट फार खाली ठेवून चालवणारे गुडघ्याच्या दुखण्याचं खापर सायकलवर फोडतात.

१९९० च्या दशकात हँडल अरुंद आणि त्याचा स्टेम लांबलचक असे. चालवणारा पुढच्या चाकावर ओणवा, आणि तीव्र उतारावर तोंडावर पडायची तयारी. आता हँडल रुंद, स्टेम आखूड, आणि फोर्कचा कोन बराच कलता झाला आहे, जवळजवळ त्या जुन्या एक्सेलसियरसारखा. जुनी सायकल स्वस्तात मिळत असेल, तर तिचा स्टेम बदलून पाहावा. खर्च थोडा, फरक मोठा.

फोर्क हवेचा असेल तर त्यात आपल्या वजनाप्रमाणे हवा भरावी लागते. सायकलवर नुसतं बसल्यावर १०० मिलिमीटरचा फोर्क २० ते २५ मिलिमीटर दबावा. टायर मात्र दगडासारखा टणक ठेवू नये, मातीत पकड जाते. आणि पहिल्या उताराआधी सपाटीवर हळूच पाहून घ्यावं की कोणत्या हाताचा ब्रेक कोणत्या चाकाला आहे. अमेरिकेत पुढच्या चाकाचा ब्रेक डाव्या हाताला असतो, ब्रिटनमध्ये उजव्या.