ऐन भरात राजकारण सोडणारे अच्युतराव

अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, भुईकोट किल्ला म्हटला की आपल्याला पंडित नेहरू आठवतात. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना इथे स्थानबद्ध केले गेले. नेहरूंनी आपला भारतशोधाचा ग्रंथ इथेच लिहिला. योगायोग असा, की हे नेते नगरच्या किल्ल्यात बंद होते तेव्हा नगरचाच एक सुपुत्र बाहेर भूमिगत राहून चळवळ चालवीत होता. त्यांचे नाव अच्युतराव पटवर्धन.

अच्युतरावांचा जन्म १९०५चा, नगरचाच. घरात थिऑसॉफीचे वातावरण, शिक्षण काशीला आणि विषय अर्थशास्त्र. १९३२च्या सुमारास नाशिकच्या तुरुंगात तरुण सत्याग्रह्यांमध्ये चर्चा झडत. स्वराज्य आले तरी शेतकऱ्याच्या आणि कामगाराच्या पदरात काय पडणार, हा त्यांचा प्रश्न होता. त्यातूनच १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. जयप्रकाश नारायण आणि आचार्य नरेंद्र देव यांच्याबरोबर अच्युतरावही त्याच्या संस्थापकांत होते. १९३६ मध्ये नेहरूंनी या तिघांना काँग्रेस कार्यकारिणीत घेतले. अच्युतराव तेव्हा अवघे एकतीस वर्षांचे होते.

पुढे बेचाळीसचा वणवा पेटला. जयप्रकाश पकडले गेले, मग लोहियाही. नरेंद्र देव तर नगरच्या किल्ल्यातच होते. अच्युतराव मात्र पोलिसांच्या हाती लागले नाहीत. साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या पाठीशीही ते उभे राहिले.

स्वातंत्र्य आले. १९४८ मध्ये नाशिकच्या अधिवेशनात समाजवाद्यांनी काँग्रेसपासून वेगळी वाट धरली. आणि १९५० मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, अच्युतरावांनी राजकारणालाच रामराम ठोकला. काशीला जाऊन ते अध्यापनात आणि जे. कृष्णमूर्तींच्या विचारांत रमले. १९९२ मध्ये काशीतच त्यांचे निधन झाले.

याच पिढीतला बेल्जियमचा समाजवादी नेता पॉल-हेन्री स्पाक पाहा. १९३८ मध्ये तो पंतप्रधान झाला, १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा पहिला अध्यक्ष झाला आणि पुढे नाटो संघटनेचा सरचिटणीस. समाजवाद्याने सत्ता हाती घेऊन काम करावे, हा त्याचा मार्ग. अच्युतरावांनी नेमकी उलटी वाट धरली.

यात बरोबर कोण? अच्युतरावांसारखी माणसे बाजूला झाली की राजकारण दरिद्री होते, असे मला वाटते. नाशिकच्या तुरुंगात विचारलेला प्रश्न स्वराज्यात सोडवायला तेच हवे होते. पण पद मिळवण्यासाठी धडपडणारी माणसे आपण रोजच पाहतो. ज्याच्यापुढे सारी वाट मोकळी होती, त्याने ती आपणहून सोडली, याचेही मोल कमी नाही. नगरच्या किल्ल्यात नेहरूंची खोली पाहायला जाल, तेव्हा किल्ल्याबाहेरच्या या नगरकराचीही आठवण ठेवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)